उत्तर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका



आजचं व्याख्यान संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. तुम्ही बी.ई. करत असाल, बी.एस्सी., बी.सी.ए. किंवा एम.सी.ए. करत असाल, महाराष्ट्रात असाल नाहीतर इंदूर, बडोदा, हैदराबादला असाल, कधीतरी तुमच्यासमोर दोन विषय येतातच. एक युनिक्स प्रोग्रॅमिंग आणि दुसरा कॉम्प्युटर नेटवर्क. बरोबर आई-वडील ऐकत असतील तर त्यांनीही थांबावं. तांत्रिक शब्द आला की मी तो साध्या भाषेत सांगेन.

माझी ओळख थोडक्यात. मी सैन्यात सिग्नल्स कोअरमध्ये होतो. इथला निरोप तिथे वेळेत आणि बरोबर पोहोचवणं हे आमचं काम. निवृत्त झाल्यापासून ओळखीतली मुलं प्रॅक्टिकलच्या अडचणी घेऊन घरी येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. आता तयार लायब्ररी मिळतात, एआय कोड लिहून देतो. मग फोर्क आणि सॉकेट हाताने कशाला लिहायचे?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. या दोन विषयांतून एक सवय लागते. मशीनने जे उत्तर दिलं त्याचा नेमका अर्थ काय तो बघायचा, आणि तेवढाच घ्यायचा. त्यात आपल्या मनातलं काही भरायचं नाही. ही सवय लायब्ररीतून मिळत नाही. ती लॅबमध्ये बसूनच लागते.

दोन विषय जोडीने का येतात

दोन्हींचा जन्म एकाच वर्षातला, १९६९चा. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहान मशीनवर युनिक्सची सुरुवात केली. डेनिस रिची त्यांच्या बरोबर होते. पुढे १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला.

त्याच १९६९ साली २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे अर्पानेटवरचा पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' गेलं, 'ओ' गेलं, आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्हीकडची माणसं त्या वेळी टेलिफोनवर होती आणि प्रत्येक अक्षर पोहोचलं का, हे तोंडी विचारून घेत होती. नेटवर्किंगचा सगळा अभ्यासक्रम या एका प्रश्नाभोवती फिरतो. पोहोचलं का?

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपी या नियमावलीवर आलं. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सॉकेट आलं. कल्पना साधी होती. युनिक्समध्ये फाइल उघडली की एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर वाचायचं-लिहायचं. हजार मैलांवरच्या मशीनशी बोलायचं असेल तरी तसाच एक क्रमांक मिळेल आणि त्यावरही तसंच वाचायचं-लिहायचं. म्हणून हे दोन विषय सख्ख्या भावंडांसारखे आहेत. एक कच्चा राहिला तर दुसरा समजत नाही.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तेव्हाच्या पाच आयआयटी त्यात होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. म्हणजे तुमच्या आई-वडिलांच्या विद्यार्थिदशेत ही गोष्ट नवी होती. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे आणि त्यातही तेच सॉकेट आहे. जुनं म्हणाल तर जुनं, पण रोज वापरातलं.

फोर्क : एक हाक, दोन उत्तरं

आता लॅबमध्ये जाऊ. पहिल्या काही प्रॅक्टिकलमध्ये फोर्क येतो. चालू प्रोग्रॅम स्वतःची दुसरी प्रत तयार करतो. मूळ तो पॅरेंट, नवा तो चाइल्ड. गंमत अशी की फोर्कला हाक एकदा मारायची आणि उत्तर दोनदा येतं. चाइल्डला शून्य मिळतं, पॅरेंटला चाइल्डचा क्रमांक मिळतो. ओळीने तीन फोर्क लिहिले तर किती प्रोसेस होतात, हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. उत्तर आठ.

पण तिसरं उत्तरही आहे आणि ते बहुतेकांच्या जर्नलमध्ये नसतं. जागा नसेल, मर्यादा संपली असेल, तर फोर्क उणे एक देतो. मुलं लिहितात : शून्य असेल तर चाइल्ड, नाहीतर पॅरेंट. मग उणे एक आलं की ते 'नाहीतर' मध्ये जातं. प्रोग्रॅम समजतो की आपल्याला चाइल्ड झालं आहे आणि त्याचा क्रमांक उणे एक आहे.

पुढे काय होऊ शकतं बघा. काम झाल्यावर चाइल्डला बंद करण्यासाठी तुम्ही त्या क्रमांकावर किल पाठवता. युनिक्समध्ये उणे एकला किल पाठवणं याचा अर्थ, ज्या ज्या प्रोसेसला सिग्नल पाठवायची तुम्हाला परवानगी आहे त्या सगळ्यांना पाठवा. साध्या वापरकर्त्याच्या सगळ्या खिडक्या बंद होतील. प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालू असेल तर जवळजवळ सगळं मशीन झोपेल. एक 'जर' लिहिला नाही, एवढीच चूक. आणि ती रोज दिसत नाही. ज्या दिवशी मशीनवर ताण असतो, नेमक्या त्या दिवशी दिसते.

झोंबी प्रोसेसही इथेच समजून घ्या. चाइल्डचं काम संपलं, पण पॅरेंटने 'वेट' करून त्याचा निकाल विचारला नाही, तर कर्नल त्याची नोंद पुसत नाही. कामगिरी पूर्ण करून आलेला जवान रिपोर्ट देण्यासाठी दाराशी उभा आहे आणि आत कोणी विचारतच नाही, अशी ती अवस्था. असे भरमसाट उभे राहिले की नव्या प्रोसेसला क्रमांक मिळेनासा होतो.

रीड : अर्धा निरोप

एक विद्यार्थिनी सही झालेलं जर्नल घेऊन आली होती. सर्व्हरकडून वर्गाची यादी मागवायची, असा तिचा क्लायंट होता. लॅबमध्ये व्यवस्थित चाललेला, गुणही पूर्ण मिळालेले. घरी तिने हौसेने सर्व्हर भावाच्या लॅपटॉपवर ठेवला आणि क्लायंट स्वतःच्या. आता यादी कधी पूर्ण यायची, कधी मध्येच तुटायची. तिचा समज झाला की वायफाय खराब आहे.

वायफाय ठीक होतं. लॅबमध्ये सर्व्हर आणि क्लायंट एकाच मशीनवर होते, पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे स्वतःच्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दिलेला निरोप. लिनक्समध्ये या आतल्या वाटेवरून एका खेपेला ६५,५३६ बाइट जाऊ शकतात. बाहेरच्या वाटेवर, म्हणजे इथरनेटवर, नेहमीची मर्यादा १,५०० बाइट. त्यातून आयपी आणि टीसीपीचे मथळे वजा केले की हाती साधारण साडेचौदाशे राहतात. तिची यादी दोन हजार बाइटच्या वर होती. बाहेर पडताना तिचे दोन तुकडे व्हायचे. क्लायंटने रीड एकदाच बोलावलेला. दुसरा तुकडा आधी आला तर यादी पूर्ण, उशिरा आला तर अर्धी.

टीसीपी म्हणजे नळ आहे, टपाल नाही. तुम्ही पलीकडे दोन बादल्या ओतल्या म्हणून अलीकडे दोनच बादल्या पडतील असं नाही. पाणी तेवढंच येईल, त्याच क्रमाने येईल, पण एका वेळी किती येईल याची हमी नाही. रीड तुम्हाला आकडा देतो, तो याचसाठी. आकडा मोजायचा, कमी असेल तर पुन्हा वाचायचं. शून्य आलं तर पलीकडच्याने पाठवणं संपवलं. उणे एक आलं तर काय बिघडलं ते एररनोमध्ये बघायचं. आणि निरोप कुठे संपतो हे दोघांनी आधी ठरवायचं. एकतर सुरुवातीला लांबी पाठवा, नाहीतर शेवटी ठरलेली खूण ठेवा.

लांबी पाठवताना बाइटचा क्रम सांभाळा. इंटेलची मशीन आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात, नेटवर्कवर मोठा भाग आधी जातो. पोर्ट ५००० लिहिलात आणि क्रम बदलायचा विसरलात, तर सर्व्हर ३४८३५ या पोर्टवर जाऊन बसतो. प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही. तुम्ही ५००० वर शोधत राहता.

राइट : 'रॉजर' आणि 'विल्को'

आता सगळ्यात नाजूक भाग. राइटने सांगितलं, दोन हजार बाइट लिहिले. याचा अर्थ काय? मुलं म्हणतात, "सर, पोहोचले." नाही. याचा अर्थ एवढाच की तुमच्या कर्नलने ते आपल्या ताब्यात घेतले. अजून मशीनच्या बाहेरही पडले नसतील. फाइलचंही तसंच. राइट यशस्वी झालं तरी अक्षरं मेमरीतच असू शकतात. डिस्कवर गेल्याची खात्री हवी तर एफसिंक बोलवावं लागतं.

पुढची पायरी टीसीपीची पोच, म्हणजे ॲक. ती आली म्हणजे पलीकडच्या कर्नलला बाइट मिळाले. पलीकडच्या प्रोग्रॅमने ते वाचले का? ते ॲक सांगत नाही. प्रोग्रॅम मधेच बंद पडला असेल.

वायरलेसवर आमच्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द असतात. 'रॉजर' म्हणजे तुमचा निरोप पूर्ण मिळाला. 'विल्को' म्हणजे मिळाला, समजला आणि त्याप्रमाणे करतो. सिनेमात 'रॉजर विल्को' असं एकत्र म्हणतात. प्रत्यक्षात विल्कोमध्ये रॉजर आलाच. टीसीपीचा ॲक हा रॉजर आहे, आणि तोही दारावरच्या संत्र्याने दिलेला. विल्को हवा असेल तर पलीकडच्या प्रोग्रॅमनेच तो द्यायला हवा आणि तुम्ही त्याची वाट बघायला हवी. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हाच मुद्दा मांडला. काम पूर्ण झाल्याची अंतिम खात्री दोन टोकांवरच करता येते, मधल्या वाटेवर सोपवता येत नाही.

मग खात्री पूर्ण कधी होते? इथे आमच्या पेशातलंच कोडं उपयोगी पडतं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मध्ये दरीत शत्रू. दोघांनी एकदम हल्ला केला तरच विजय. पहिला जासूद पाठवतो : पहाटे हल्ला. जासूद दरीतून सुखरूप गेला का, हे त्याला कळत नाही, म्हणून तो पोच मागतो. दुसरा पोच पाठवतो, पण पोच पोहोचली का हे आता त्याला माहीत नाही. पोचेची पोच, तिची पोच, कितीही जासूद पाठवा, शेवटच्या जासुदाबद्दल शंका उरतेच. १९७५च्या एका निबंधात हे कोडं गुंडांच्या टोळ्यांची गोष्ट म्हणून आलं होतं. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला सेनापतींचं नाव दिलं. वाट बेभरवशाची असेल तर दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध आहे.

म्हणून टीसीपी अशक्य गोष्टीच्या मागे लागत नाही. तीन पावलांत ओळख करून घेतो, प्रत्येक बाइटला क्रमांक देतो, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो, आणि शेवटी थोडा वेळ थांबतो. हे थांबणं तुम्ही लॅबमध्ये पाहिलेलं आहे. सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं येतं. मुलं कुठून तरी एक ओळ आणून चिकटवतात आणि पुढे जातात. ती ओळ योग्यच आहे, पण कारण माहीत असू द्या. ज्याने आधी फोन ठेवला त्याची शेवटची पोच वाटेत हरवलेली असू शकते. पलीकडचा पुन्हा विचारेल, म्हणून तो जोडणीची नोंद जपून ठेवतो, लिनक्सवर ६० सेकंद. शेवटच्या जासुदासाठी केलेली ही सोय आहे.

आणि शांतता म्हणजे होकार समजू नका. चालू जोडणीची केबल काढा. कोणी काही पाठवत नसेल तर दोन्ही मशीन तासन्‌तास 'जोडणी चालू आहे' असंच सांगतील. विचारपूस करायची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि केली तरी लिनक्समध्ये पहिला प्रश्न दोन तासांनी जातो. सीमेवरच्या चौकीकडून रात्रभर काही आलं नाही, म्हणजे सगळं ठीक, असं कोणताही अधिकारी मानत नाही. ठरल्या वेळी रेडिओ चेक घेतो. तुमच्या प्रोग्रॅमनेही घ्यावा.

घरातलं उदाहरण

पालकांसाठी एक उदाहरण. दुकानात यूपीआयने पैसे दिले. तुमच्या खात्यातून गेले, पण दुकानदाराचा डबा बोलला नाही. फोनवर 'प्रलंबित' दिसतं. तुम्ही पुन्हा पैसे द्यायचे का? इथे तेच दोन सेनापती आहेत. पैसे पोहोचले नाहीत, की पोहोचल्याचा निरोप हरवला? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

त्यावर उपाय काय, तर प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. शंका आली की त्या क्रमांकाची स्थिती विचारायची. मागणी पुन्हा पाठवायचीच तर त्याच क्रमांकाने पाठवायची, आणि पलीकडच्याने एका क्रमांकाचं काम दोनदा करायचं नाही. चांगल्या व्यवस्था अशाच बांधलेल्या असतात. पण हे आपोआप होत नाही. कोणीतरी प्रोग्रॅमर बसून विचारतो की उत्तर आलंच नाही तर काय, आणि त्याप्रमाणे लिहितो. तो प्रश्न ज्याने विचारला नाही त्याच्या प्रोग्रॅममुळे कोणाचे तरी पैसे दोनदा जातात. एआयने लिहिलेल्या कोडलाही हा प्रश्न कोणीतरी विचारावाच लागतो, आणि फोर्क-सॉकेट हाताने लिहिलेल्या माणसाला तो आपोआप सुचतो.

आता काय कराल

जुना लॅपटॉप आणि लिनक्स एवढं पुरे. पाच कामं सांगतो. रोज एक केलं तर आठवडाही लागणार नाही.

एक. 'एसट्रेस कॅट' लिहून पुढे एखाद्या फाइलचं नाव द्या. साधी फाइल दाखवायला कर्नलशी किती संवाद होतो आणि प्रत्येकाचं उत्तर काय येतं, ते ओळीओळीने वाचा.

दोन. तीन फोर्कचा प्रोग्रॅम लिहा, आठ प्रोसेस मोजा. मग वेट काढून टाका आणि झोंबी शोधा.

तीन. इको सर्व्हर लिहा, पण दोन वेगळ्या मशीनवर. एक लाख बाइट पाठवा आणि प्रत्येक रीडने किती दिले ते छापा. वायरशार्क लावून तुकडे डोळ्यांनी बघा.

चार. पाठवणं चालू असताना सर्व्हरला किल करा. दुसऱ्या वेळी किल करू नका, केबल काढा किंवा वायफाय बंद करा. दोन्ही वेळा क्लायंटला काय कळलं आणि किती वेळाने, ते लिहून ठेवा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यात की फरक दिसेल.

पाच. तुमच्या जर्नलमधला कुठलाही जुना प्रोग्रॅम घ्या. प्रत्येक सिस्टिम कॉलपुढे त्याची संभाव्य उत्तरं लिहा. मॅन पेजमध्ये ती दिलेली आहेत. ज्याची दखल घेतलेली नाही तिथे लाल खूण करा. खुणा किती झाल्या ते कोणाला सांगायची गरज नाही, दुरुस्त करा म्हणजे झालं.

पुस्तक एकच सांगतो. रिचर्ड स्टीव्हन्स यांचं 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग', पहिली आवृत्ती १९९०ची, पुढच्या आवृत्त्या वाढवलेल्या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बहुधा असेल. त्यातले प्रोग्रॅम उत्तर तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. सुरुवातीला ते लांबलचक वाटतात, पण महिन्याभराने तुम्हालाही तसंच लिहावंसं वाटेल.

आमच्या कोअरचं ब्रीदवाक्य आहे, 'तीव्र चौकस'. वेगवान आणि सावध. मराठी घरात चौकस म्हणजे सतत प्रश्न विचारणारा. लॅबमध्ये दोन्ही अर्थांनी चौकस रहा. सही मिळवण्यासाठी जर्नल उतरवून काढलंत तर सही मिळेल, पण ज्या दिवशी तुमच्या प्रोग्रॅमवर कोणाचं काम अडलेलं असेल त्या दिवशी ती सही कामाला येणार नाही.

पाचपैकी जे काम अडेल ते मित्राबरोबर बसून सोडवा. दोन मशीन लागतातच, त्यामुळे दोन माणसंही सहज जमतील.